घरच्या कारभारात बालकाचा वाटा

ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल नांदते आहे, त्या घरातील सकाळचा प्रहर कसा जातो हे गृहस्थाश्रमी वाचकांस निराळे सांगावयास नको. एका शेगडीवर दूध उतू जाण्याच्या बेतात असते, दुसरीवर डब्याची पोळी फुगत असते, कचेरीची वेळ जवळ येत असते. आणि नेमक्या याच वेळी मूल आईला बिलगून उभे राहते, परातीतल्या कणकेत हात घालू पाहते, कोपऱ्यातली केरसुणी फरफटत आणून नुकत्याच झाडलेल्या जागेवरून फिरवू लागते. मोठ्यांच्या मनात त्या घटकेला एकच विचार येतो, की हे अर्धा तास कुठेतरी गुंतून राहील तर कामे उरकतील. मग त्याच्यापुढे खेळणी ओतली जातात, हाती बिस्किट दिले जाते, आणि अलीकडे मोबाईल लावून दिला जातो. 'काम झाले की मग तुझ्याशी खेळते हं,' असे आश्वासन देऊन आई ओट्याकडे वळते. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट आहे, ती ही की घरकाम हे एक खाते आणि बालसंगोपन हे दुसरे, आणि एकात खर्ची पडलेली वेळ दुसऱ्यातून वजा झालीच पाहिजे. प्रस्तुत प्रकरणात या समजुतीची रुजुवात घ्यावयाची आहे. एक ते सहा या वयात बालकाला जे शिकावयाचे असते त्याचा फार मोठा भाग घरच्या नित्याच्या कामांतच साठविलेला असतो, आणि त्या कामांत त्याला खराखुरा वाटा देणे हे त्याच्या शिक्षणाचे पहिले, सर्वांत जवळचे आणि सर्वांत कमी खर्चाचे साधन आहे, असे माझे निश्चित मत आहे.

हाताची तयारी

नवजात अर्भकाची मूठ मिटलेली असते. तिच्या तळव्याला आपण बोट लावले की ते घट्ट धरले जाते, परंतु ही पकड त्याच्या इच्छेच्या अंमलाखाली नसते. ती शरीराची उपजत प्रतिक्रिया होय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ उघडू लागते. पाचव्या-सहाव्या महिन्यात समोरची वस्तू संपूर्ण पंजाने ओढून घेता येते. आणि नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास ज्या दिवशी ते जमिनीवर सांडलेले भाताचे एक शीत अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत अचूक उचलते, त्या दिवशी मनुष्यजातीच्या यच्चयावत हस्तकौशल्याचा पाया त्याच्या हाती आलेला असतो. मोत्याची नथ गुंफणारीची, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची आणि शल्यविशारदाची बोटे याच चिमटीवर अवलंबून आहेत.

यानंतर येतो तो वस्तू सोडण्याचा काळ. वर्षाच्या आसपासचे मूल वाटी खाली टाकते, ती उचलून दिली की पुन्हा टाकते, आणि हा क्रम मोठ्यांचा संयम संपेपर्यंत चालू राहतो. यात द्वाडपणा शोधणे व्यर्थ आहे. पकडणे त्याला आधी साधलेले असते. हव्या त्या क्षणी बोटे मोकळी करणे ही नवी विद्या असते, आणि टाकलेली वस्तू कोठे जाते, कसा आवाज करते, आई ती परत देते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला एकाच कृतीत मिळत असतात. स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी बालबुद्धीच्या विकासाविषयीचे आपले मूलगामी ग्रंथ ज्या निरीक्षणांवर उभारले, ती मोठ्या प्रमाणावर त्यांच्या स्वतःच्या तीन अपत्यांची, त्यांच्या घरातच केलेली होती. कापडाखाली झाकलेली वस्तू आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मूल शोधू लागते, म्हणजे दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात राहतेच हे त्याला उमगू लागते, हा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष होय. आपल्याकडे आजी पदराआडून 'बुवा कुक' करते आणि नातवंड खदखदून हसते, त्या हास्यातही याच शोधाचा आनंद भरलेला असतो.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेंदूचे आकारमान प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले असते. इतक्या अल्प मुदतीत इतकी वाढ आयुष्यात पुन्हा होणे नाही. या काळात बालकाला हाताला काम हवे असते, आणि ते काम खोटे असेल तर त्याचे समाधान होत नाही. प्लास्टिकची भातुकली दोन दिवसांत कोपऱ्यात पडते व आईच्या हातातली पळी मात्र रोज हवीशी वाटते, याचे कारण हेच, की पळीने घरात खरोखर काहीतरी घडते हे त्याने पाहिलेले असते.

मदत करण्याची उपजत ओढ

मुलांना कामाची सवय धाकाने किंवा लालूच दाखवून लावावी लागते, ही समजूत फार जुनी आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी केलेले आणि २००६ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. १८ महिन्यांच्या २४ बालकांपुढे एक अनोळखी गृहस्थ काम करीत असे: दोरीवर कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा खाली पडे आणि त्याला तो पोहोचत नसे, किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन तो बंद कपाटाला अडखळे. त्याने मदत मागितली नाही, बक्षीस दाखविले नाही, शाबासकीही दिली नाही. तरीही २४ पैकी २२ बालकांनी कधी ना कधी उठून चिमटा उचलून दिला किंवा तत्सम साहाय्य केले, आणि बहुतेकांनी ते काही क्षणांतच केले. हाच चिमटा त्या गृहस्थाने जाणूनबुजून फेकला, तर मात्र मुले सहसा जागची हलत नसत. दुसऱ्याची अडचण कोणती आणि त्याची इच्छा कोणती, याचा विवेक दीड वर्षाच्या बालकाला असतो, हे यातून दिसून आले.

याच संशोधकांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखविली. २० महिन्यांच्या ज्या बालकांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी छोटेसे बक्षीस मिळाले, ती पुढे बक्षीस बंद होताच इतर बालकांपेक्षा कमी मदत करू लागली. आपल्या घरांतून 'ताट उचललेस तर चॉकलेट देईन' असा जो सौदा सर्रास केला जातो, त्याचा परिणाम काय होतो हे यावरून ध्यानी यावे. जी गोष्ट मूल आपण होऊन देत होते, तिचा आपणच मोबदला ठरवतो, आणि मोबदला थांबला की कामही थांबते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातील माया समाजाच्या सान पेद्रो या गावी अनेक वर्षे राहून-जाऊन जे पाहिले, ते आपल्याकडील जुन्या वाड्यांत व खेड्यांत वाढलेल्या कोणालाही परके वाटणार नाही. तेथे मुलांसाठी म्हणून निराळे धडे फारसे नसतात. मुले मोठ्यांच्या कामात वावरतात, बारकाईने पाहतात आणि जमेल तसा हात लावतात. कोणी त्यांना दूर सारीत नाही, आणि कोणी त्यांच्या कामाचा गाजावाजाही करीत नाही.

मेथीची जुडी

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते एखाद्या साध्या कामाकडे जवळून पाहिल्याखेरीज कळणार नाही. दुपारी ऊन कलल्यावर आजी जुने वर्तमानपत्र पसरून मेथी निवडावयास बसली आहे, आणि अडीच वर्षांचा नातू येऊन समोर मांडी घालतो. ती त्याच्यापुढे चार काड्या आणि एक पितळी वाटी सरकवते. 'हे बघ सोन्या, पान असं खुडायचं, नि वाटीत टाकायचं. देठ इकडे कागदावर.' इतके सांगून, आपला हात नेहमीपेक्षा सावकाश चालवीत, ती एक पान खुडून दाखवते आणि गप्प बसते. नातू डाव्या हाताने काडी धरतो, उजव्या चिमटीने पान ओढतो, आणि पानाबरोबर अर्धा देठही तुटून येतो. तो ते सगळेच वाटीत टाकतो. आजी काही बोलत नाही. दुसऱ्या काडीला पान सुटे निघते. तो ते डोळ्यांजवळ धरून पाहतो, आजीला दाखवतो, वाटीत ठेवतो. तिसऱ्यात एक पिवळे पान येते, तेव्हा आजी म्हणते, 'हे पिकलं बाई, हे नको आपल्याला,' आणि ते कागदावर टाकते. यापुढच्या काड्यांत तो पिवळी पाने स्वतः हुडकू लागतो आणि मिळाले की 'आजी, पिकलं!' म्हणून विजयाने ओरडतो.

सुमारे दहा मिनिटांनी तो उठून निघून जातो, आणि आजी त्याला थांबवीत नाही. त्या दहा मिनिटांत दोन्ही हातांनी दोन निरनिराळ्या क्रिया एकाच वेळी करणे, बोटांचा दाब आवरणे, हिरवे व पिवळे, पान व देठ, हवे व नको असे वर्गीकरण करणे, आणि एका कामावर लक्ष ठेवून बसणे, या चार गोष्टींचा अभ्यास झाला आहे. यांपैकी प्रत्येकासाठी बाजारात स्वतंत्र खेळणे विकत मिळते. शिवाय रात्री ताटात भाजी आली की 'ही मी केली' असे तो बापाला सांगतो. आणि एरवी पालेभाजी पाहून तोंड फिरवणारे मूलही आपण निवडलेल्या भाजीचा एखादा घास घेऊन पाहते, असा पुष्कळ आयांचा अनुभव आहे.

निवडलेल्या त्या वाटीतले देठ आजीने नंतर बाजूला काढले, तरी ते नातवाच्या देखत काढले नाहीत, ही गोष्ट लहान असली तरी महत्त्वाची आहे. बालकाने केलेले काम त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा करणे म्हणजे त्याचे काम नामंजूर झाल्याचा शेराच होय.

दीड वर्षाच्या मुलाला मळके कपडे टोपलीत टाकणे आणि धुतलेले चमचे एकेक करून डब्यात ठेवणे जमते. दोन वर्षांच्या सुमारास रुमालाची घडी घालणे, सांडलेले पाणी फडक्याने टिपणे, कोथिंबीर खुडणे जमू लागते. तिसऱ्या वर्षी कणकेचा एक गोळा त्याच्या हक्काचा असावा, जेवणाआधी पाने घेण्यात त्याचा हात असावा, कुंड्यांना पाणी घालण्याचे काम त्याच्या मुखत्यारीत द्यावे. चौथ्या-पाचव्या वर्षी मोज्यांच्या जोड्या लावणे, मटार सोलणे, उकडलेल्या बटाट्याची साल काढणे, पाहुण्यांना पाणी नेऊन देणे ही कामे ते जबाबदारीने करू शकते. कोणाला एखादे काम चार महिने आधी साधेल, कोणाला नंतर. या वयाची वाढ तारखेच्या हिशेबाने चालत नसते.

भावनगरपासून कोसबाडपर्यंत

घरकामाचे हे शैक्षणिक मोल ज्यांनी प्रथम शास्त्रीय रीतीने ओळखले, त्यांत डॉ. मारिया माँटेसोरी यांचे नाव अग्रभागी येते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांना त्यांनी शास्त्रीय उपकरणे दिली, तशीच झाडणे, पुसणे, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे, बटणे लावणे, ताटे मांडणे ही जीवनव्यवहाराची कामेही दिली, आणि ती खेळातल्यासारखी न ठेवता खऱ्या वस्तूंनी, काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांनी करावयास लावली. १९३९ साली त्या भारतात आल्या, आणि महायुद्धाच्या धामधुमीमुळे त्यांचा मुक्काम लांबून त्या १९४६ पर्यंत येथेच राहिल्या.

परंतु त्यांच्या आगमनापूर्वीच आपल्याकडे या विचाराचे बीजारोपण झाले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंना पुढे जो प्रश्न पडला तो महाराष्ट्राच्या दृष्टीने फार मोलाचा होता: ही पद्धती शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरतीच राहणार काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी काम सुरू केले, आणि तेथेच अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवयात विवाह होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुढील सारे आयुष्य या कार्याला वाहिले. विलायती धर्तीची महागडी उपकरणे खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा शंख, शिंपले, दगड, बिया, पाने, काड्या, मातीची भांडी यांतूनच शिक्षणसाहित्य निर्माण झाले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास रानात जात, म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात नेण्याचा, कुरणशाळेचा, प्रयोग झाला. आणि जी लहान मुले बालवाडीत येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना आज अंगणवाडी हेच नाव आहे.

या इतिहासातून गृहिणीने व गृहस्थाने घ्यावयाचा बोध हा, की उत्तमोत्तम बालशिक्षणतज्ज्ञांनी घरातील कामे शाळेत नेली. आणि ज्या घरांत ती कामे रोजच चालतात, तेथून मात्र आपण मुलाला उठवून लावतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकात पत्रावळ लावावयास शिकण्याचा जो प्रसंग आहे, तो मराठी वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या माउलीने मुलाला संस्कारांची व्याख्याने कमी दिली, आणि घरातली कामे मात्र त्याच्या वाट्याला आवर्जून दिली.

भाषेचा लाभ

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मूल अर्थपूर्ण असा पहिला शब्द उच्चारते, आणि दोन वर्षांचे होता होता 'आई ये', 'दूध नको' अशी दोन शब्दांची वाक्ये करू लागते. वस्तूंची नावे चित्रांच्या पुस्तकातून शिकविता येतात. परंतु भाषेचा प्राण जी क्रियापदे, ती क्रियेच्या सहवासात अधिक पक्की होतात. मराठी स्वयंपाकघर या दृष्टीने केवढे संपन्न आहे पाहा. तांदूळ निवडतात, रवा चाळतात, धान्य पाखडतात, दाणे कुटतात, चटणी वाटतात, मिरची ठेचतात, नारळ खोवतात, भाजी चिरतात, कांदा परततात, बटाटे उकडतात, कणीक मळतात आणि पोळी लाटतात. ओट्याजवळच्या पाटावर उभे राहून जे मूल हे पाहते आणि आई काम करता करता सहज बोलते ते ऐकते, त्याला कुटणे आणि वाटणे यांतला भेद कोणीही समजावून न देता कळतो. कारण त्याने त्या दोहोंचा आवाज ऐकलेला असतो, वास घेतलेला असतो आणि दोन्ही वेळी हात लावलेला असतो. यासाठी निराळे बसून शिकविण्याची गरज नाही. 'आता मोहरी तडतडली की कढीपत्ता घालू या,' इतके काम चालू असताना मोठ्याने म्हणणे पुरेसे आहे.

हट्टाचे वय

वाटा मागणारे मूल कधी कधी हक्क मागते, आणि तेव्हा घरात कज्जा उभा राहतो. सकाळी निघण्याची घाई आहे, बाप गुडघे टेकून सदऱ्याची बटणे लावू लागतो, आणि तीन वर्षांची मुलगी 'मी! मीच लावणार!' म्हणून अंग टाकून देते. अशा वेळी तिला बाप किती घाईत आहे हे समजावून सांगण्यात अर्थ नसतो. आवेग आवरणारा, पुढचा-मागचा विचार करणारा जो मेंदूचा पुढील भाग, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. तीन वर्षांच्या बालकाजवळ तो कारभार अजून सोपविलेलाच नसतो. तिचा आक्रोश ही बंडखोरी नसून, करण्याची इच्छा मोठी आणि आवरण्याची शक्ती लहान, अशा अवस्थेतील तिची कैफियत आहे.

यावर उपाय आदल्या रात्रीच करावा लागतो. सदरा मोठ्या बटणांचा व सैल काजांचा निवडावा. दोन सदरे पुढे ठेवून 'लाल की निळा?' इतकाच प्रश्न करावा, म्हणजे निवडीचा अधिकार तिला मिळतो आणि निकाल मात्र आपल्या मर्यादेत राहतो. वरची दोन बटणे बापाने लावावी आणि खालची दोन तिच्यासाठी राखून ठेवावी. आणि उठण्याची वेळ दहा मिनिटे अलीकडे आणावी. एवढे करूनही रडे आलेच, तर जवळ बसून ते ओसरू द्यावे. रडणाऱ्या मुलाला एकटे कोंडणे किंवा मारणे यातून त्याला आवरण्याची शक्ती येत नाही. ती येते शांत माणसाच्या सहवासात वारंवार शांत होण्याने.

ताट, झोप आणि दिनक्रम

मूल जन्मल्यापासून एका तासाच्या आत त्याला अंगावर पाजावे, पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून पाणीही देऊ नये, आणि सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करून दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या उष्टावणाचा रिवाज या वेळेशी बराच जुळतो. मऊ भात, वरण, तूप, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे हे आरंभीचे पदार्थ उत्तम होत; मध मात्र वर्षाच्या आतील बालकाला चाटवू नये, कारण त्यातील जंतुबीजांपासून कोवळ्या आतड्यात घातक विष निर्माण होण्याचा धोका असतो.

येथेही वाट्याचाच नियम लागू पडतो. काय वाढावयाचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावयाचे, हे मुलाच्या भुकेने ठरवावे. आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला ताटलीत चार शिते व उकडलेल्या गाजराचा मऊ तुकडा देऊन स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. सांडेल, माखेल, केसांना लागेल. परंतु हातातून तोंडापर्यंतचा तो प्रवास त्याचे त्याने केलेला असेल. चिऊच्या आणि काऊच्या नावाने घास भरवण्याची आपली प्रथा गोड आहे, ती खिडकीतली खरी चिमणी दाखवीत चालवावी. मोबाईल दाखवून भरवलेल्या मुलाचे लक्ष स्वतःच्या पोटाकडून निघून पडद्याकडे जाते, आणि पोट भरले हे ओळखण्याची शक्ती क्षीण होते. एक वर्षाच्या मुलाला पडद्यापुढे मुळीच बसवू नये व दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे.

झोपेचाही हिशेब ध्यानात ठेवावा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. ती वेळेवर येण्यासाठी रात्रीचा शिरस्ता ठरलेला असावा: दिवेलागणीला खेळणी आवरून ठेवणे, जेवण, दात घासणे, अंथरूण घालताना उशी आणण्याचे काम मुलाकडे, मग गोष्ट, आणि मग दिवा मालवणे. तीच गोष्ट रोज हवी असा मुलाचा तगादा असतो, तो आनंदाने मानावा. पुढे काय येणार हे ठाऊक असण्यात त्याला जे स्वास्थ्य लाभते, तेच त्याला झोपेच्या स्वाधीन करते.

बंदोबस्ताची बाजू

वाटा देणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. पेटती शेगडी, तापलेले तेल, कुकर, विळी व सुरी, आगपेटी, औषधे आणि फिनेल यांचा बंदोबस्त आधी करावा आणि मग मुलाला ओट्याजवळ पाटावर घ्यावे. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूस वळवून ठेवावे. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये; दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि ते बुडताना आवाज होत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, नाणी, आणि विशेषेकरून घड्याळातले चपटे बॅटरीचे सेल तान्ह्या-रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. भाजल्यास ती जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. हळद, तूप, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तो आकडा घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, तोंडपाठ असावा.

वाटा सर्वांचाच

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो आक्षेप वजनदार आहे. मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, आई-बाप दोघेही नोकरीला, मूल पाळणाघरात, आजी गावी, अशा परिस्थितीत अडीच वर्षांच्या मुलाबरोबर मेथी निवडण्यास सवड कोणाला? मुलाला घेऊन काम केले तर ते दुप्पट वेळ खाते, हे खरेच आहे. परंतु दिवसातली सगळी कामे त्याच्याबरोबर करावी असा कोणाचाच आग्रह नाही. संध्याकाळचे एक काम, मग ते पाने घेण्याचे असो की वाळलेले कपडे घडी घालण्याचे, रोज त्याच्या संगतीने आणि बिनघाईने व्हावे, इतके पुरते. तो वेळ मुलासाठी निराळा काढावा लागत नाही, कारण कपड्यांच्या घड्या एरवीही घालावयाच्याच असतात. आणि ज्या मुलाला दिवसाकाठी असा हक्काचा अर्धा तास मिळतो, ते उरलेल्या वेळी पायांत कमी घोटाळते.

दुसरी गोष्ट बापाच्या वाट्याची. ज्या घरात बाप भांडी घासतो, बाळाचे दुपटे बदलतो आणि रात्री उठून त्याला थोपटतो, त्या घरातील मुलाला स्त्रीपुरुषसमानतेचा धडा पुढे कोणी द्यावा लागत नाही. मुलाला लाटणे आणि मुलीला हातोडी, दोन्ही सारख्याच सहजतेने मिळाली पाहिजेत. कारण काम कोणाचे, याविषयीची मुलाची मते ते शाळेत जाण्यापूर्वीच बनू लागतात, आणि ती आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या वागण्यावरून बनतात.

तिसरी गोष्ट थोरल्या भावंडाची. घरात नवे बाळ आले, बारशाची गर्दी झाली, आणि कालपर्यंत ज्याच्याभोवती सारे घर फिरत होते ते तीन-चार वर्षांचे मूल एकाएकी 'आवाज करू नकोस, बाळ झोपलंय' या हुकुमाचे धनी झाले. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बाटली मागते, बाळाला चिमटे काढते. त्याला 'तू आता दादा झालास' असे नुसते सांगून भागत नाही. दादाचे काम द्यावे लागते. तेलाची वाटी आणून देणे, दुपट्याची घडी करणे, अंघोळीनंतर बाळाच्या तळपायाला तेल लावणे, ही कामे खास त्याची म्हणून ठरवावी, आणि दिवसातून थोडा वेळ आईने बाळाला दुसऱ्याकडे देऊन केवळ त्याच्यापाशी बसावे.

वाचकांनी या प्रकरणातून एकच तजवीज मनात धरावी. आपल्या घरातले रोजचे, धोका नसलेले एक काम निवडावे. त्यासाठी मुलाच्या मापाची खरी वस्तू, म्हणजे छोटा तांब्या, आखूड दांड्याची केरसुणी किंवा बेताचे लाटणे, त्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवावी. काम कसे करतात ते सावकाश दाखवावे आणि मग हात मागे घ्यावा. पाणी सांडले तर ओरडू नये, पुसण्याचे फडके कोठे आहे ते दाखवावे, कारण पुसणे हेही कामच आहे आणि बहुतेक मुलांना ते ओतण्याइतकेच आवडते. केल्याबद्दल खाऊ देऊ नये. 'तू पाने घेतलीस, म्हणून आपण लवकर जेवायला बसलो,' असे खरे तेच सांगावे. महिनाभर हे नेटाने केले, तर काम सुबक होईल न होईल, परंतु जेवणाची वेळ झाली की ते मूल न सांगता उठून वाट्या आणावयास जाईल, आणि घरातल्या माणसांना लागणारी गोष्ट आपल्या हातून होते हा विश्वास घेऊन पुढे शाळेच्या पायरीवर उभे राहील. अक्षरे आणि अंक त्याला तेथे शिकविले जातीलच; हा विश्वास मात्र त्याला घरूनच न्यावा लागतो.